टेकडीचा चार्ज

नागपुरात चढाले डोंगर नाही. सेमिनरी हिल्सले कोणी डोंगर म्हणत असन तर त्यानं खुशाल म्हणावं, मी भांडाले जाणार नाही. पण धरमपेठेतल्या प्रीतीताईले हे कोण सांगन? त्यायनं एक मंडळ काढलं, त्याचं नाव ठेवलं ‘चालते व्हा’, अन् हिवाळ्यात शहरातल्या बारा बगीच्यायमध्ये गिर्यारोहणाची मोहीम जाहीर केली. दर बगीच्यात एक तास चालाचं, शंभर फूट चढाचं, अन् आपल्या पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. बारा शिक्के झाले की प्रमाणपत्र अन् टोपी.

आमच्या ले-आऊटच्या बगीच्यात एक टेकडी आहे. टेकडी म्हंजे काय, तर पाण्याची टाकी खोदली तेव्हाची माती कोणी उचललीच नाही, तिच्यावर गवत लावून देलं अन् बाजूले ‘टेकडी’ अशी पाटी ठोकली. उंची अकरा फूट. नऊ वेळा चढलं की नव्व्याण्णव फूट होतात. राहिलेल्या एका फुटासाठी मंडळानं वर सिमेंटचा एक ब्लॉक ठेवला होता. नवव्या वेळी वर पोचलं की त्या ब्लॉकवर उभं राहाचं, मंग शिक्का. हे ठरवाले त्यायची बैठक दीड तास चालली म्हणे.

हे सगळं मले माहीत होतं तरी मी आमचं नाव देलं, अन् तेही जोडी गटात. जोडी गटाचा नियम असा का दोघायनं बाजूबाजूनं चालाचं, एकाले सोडून दुसऱ्यानं पुढं जायचं नाही. मले तोच नियम पाहिजे होता.

माझे मिस्टर नागसेन तेहतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, कंट्रोल रूममध्ये, शेवटची बारा वर्षं शिफ्ट इन्चार्ज. मी कॉलनीतल्या शाळेत मास्तरीण. हे रातपाळी करून सकाळी घरात पाय टाकत, तेव्हा मी चपला घालत असो. दारातच आमची भेट. दूध घेतलं आहे, गॅस संपत आला आहे, रोशनीले ताप आहे, चावी खिळ्यावर आहे. पाच मिनिटं. मी यायले घराचा चार्ज द्यायची अन् निघून जायची. दुपारपाळी असली का उलटं, मी आत अन् हे बाहेर. संसार झाला, पोरगी रोशनी शिकली, हैदराबादले नोकरीले लागली, आम्ही रिटायर होऊन नागपुरात फ्लॅट घेतला. पण आम्ही दोघं संगं चालत कुठं गेलो, असं मले एकही ठिकाण आठवेना. स्कूटरवर गेलो, बसनं गेलो. चालत नाही.

रिटायर झाल्यावर हे बाल्कनीत बसत. सकाळी सहाले बसत अन् दुपारी दोनले उठून दाराकडे पाहात, कोणी आलं का म्हणून. मले अंगठी नको होती, काश्मीर नको होतं. ह्या माणसासंग बाजूबाजूनं एक तास चालाचं होतं, बस.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. वर प्लास्टिकच्या खुर्चीवर नत्थूजी बसले होते, मंडळाचे कार्यकर्ते, पोस्टातून रिटायर झालेले. हातात रजिस्टर, बाजूले शिक्का. आम्ही पहिल्यांदा वर पोचलो अन् नत्थूजीनं यायले म्हटलं, साहेब, दोन मिनिटं पाहा बरं इथं, मी तर्री-पोहा खाऊन येतो.

नागपुरातल्या दुसऱ्या कोण्याही माणसाले हे सांगतलं असतं तर काही बिघडलं नसतं. त्यानं हो म्हटलं असतं अन् एक मिनिटानं विसरून गेला असता. पण वीज केंद्रातल्या माणसाच्या हातात रजिस्टर देऊन ‘पाहा’ म्हणाचं नसते. यायनं घड्याळात पाह्यलं, खिशातून पेन काढला अन् रजिस्टरमध्ये लिहिलं: ०६.५२, चार्ज घेतला. 

अर्धा तास झाला तरी नत्थूजीचा पत्ता नाही. मी म्हटलं, चला, आपले आठ चढ बाकी आहे. हे म्हणाले, रिलीव्हर आला नाही. मी म्हटलं, अहो, ही मातीची ढेरी आहे, हिचा बॉयलर फुटणार आहे का?  कंट्रोल रूमचा नियम असा आहे, दुसरा माणूस खुर्चीत बसल्याशिवाय पहिल्यानं उठाचं नाही, घराले आग लागली तरी. सख्ख्या भावाच्या लग्नात हे लग्न लागून गेल्यावर पोचले होते, कारण रिलीव्हरची बस कामठीजवळ पंक्चर झाली होती. मले माहीत होतं, आता हे उठत नाही. मी तणतणत घरी निघून गेली.

हे रात्री नऊले आले, बगीचा बंद झाल्यावर. चौकीदार धोंडबाले चार्ज देऊन आले होते. धोंडबाकून सही घेतली होती, ‘टेकडी मिळाली, अकरा फूट, ब्लॉकसहित’. सकाळी पाचले उठून परत गेले अन् धोंडबाकून टेकडी परत घेतली. धोंडबानं दिवसभर टेकडी पाहाले काय हरकत होती? हरकत अशी का धोंडबाले दिवसा गेटची ड्युटी होती, अन् एका माणसाले दोन पोस्ट देता येत नाही.

दुपारी मी डबा घेऊन गेली. यायले लघवीले जायचं होतं. हे म्हणाले, सिंधू, पाच मिनिटं चार्ज घे. मी घेतला. तिथंच मी फसली, बाप्पा. दुसऱ्या दिवशी यायनं कागदावर रेघा आखून पाळीपत्रकच लावलं: सकाळपाळी नागसेन, दुपारपाळी सिंधू, रात्री धोंडबा. दुपारी दोनले मी टेकडीवर चढो, हे म्हणत, टेकडी सामान्य, ब्लॉक सामान्य, शिक्क्याची शाई कमी आहे, दोन कुत्रे वर आले होते, एक उतरला, एक अजून आहे. मी सही करो. हे घरी जात. तेहतीस वर्षं दारात जे केलं, तेच आता अकरा फुटावर.

हे आल्यापासून टेकडीचा कारभार असा सुधारला का काही विचारू नका. चढाची बाजू वेगळी, उतराची वेगळी, मधात सुतळी. वरून हे हात दाखवत तेव्हाच खालच्यानं पाय उचलाचा. उतराले परवानगी लागे. आमच्या मागच्या गल्लीत सोनिका म्हणून दाताची डॉक्टरीण राहते, ती वर वीस मिनिटं उभी राहिली, कारण तिचा उतराचा नंबर लागून राहिला नव्हता, अन् तिकडे दवाखान्यात तिचा पेशंट तोंड उघडं ठेवून बसला होता. मले वाटलं, आता ही भांडण काढन. भांडण कसलं, दुसऱ्या दिवशी सासूले घेऊन आली. रामदासपेठेतले हार्टचे एक मोठे डॉक्टर कार घेऊन येत, शर्टाच्या बाह्या वर करून अकरा फूट चढत, अन् यायच्यापुढं हात बांधून उभे राहात. त्यायनं एकदा पाठमोरं चढाची परवानगी मांगतली, तर यायनं लेखी अर्ज घेतला.

रजिस्टर मी दुपारी वाचत बसो, दुसरं काम काय होतं? ०६.१५, धुकं, पाटी दिसत नाही. ०६.४०, एक गृहस्थ सातव्या चढाले खोकले, खोकला सामान्य. ०७.१०, पुण्याहून आलेल्या बाईनं विचारलं टेकडी कुठं आहे, तिले ती टेकडीवरच उभी असल्याचं समजावून सांगतलं.

जानेवारी लागला तेव्हा यायनं टेप आणून टेकडी मोजली. एवढ्या लोकायच्या पायानं ती झिजून दहा फूट आठ इंच झाली होती. म्हंजे नऊ चढाचे नव्व्याण्णव नाही, शहाण्णवच भरत होते. ज्यायनं आधी शिक्के घेतले त्यायचे बरोबर, पुढच्यायचे तीन फूट कमी. यायनं मंडळाले अहवाल देला. मंडळानं परत बैठक घेतली अन् अजून तीन ब्लॉक पाठवले. आता लोक नऊ वेळा टेकडी चढत अन् मंग चार ब्लॉकायवर एकावर एक चढून डोलत उभे राहात. खाली धोंडबा हात पसरून उभा.

अन् आमची पुस्तिका? कोरी. स्वतःच्या पुस्तिकेवर स्वतः शिक्का मारता येत नाही, अन् मी यायची जोडीदार म्हणून माझाही नाही. शिक्क्याची बारा घरं, बाराच्या बारा कोरी. बाकीच्या जोड्या बाजूबाजूनं चालत, शेंगदाणे खात, एकमेकायच्या अंगावर रेलून हसत, अन् त्यायच्या पुस्तिकेवर शिक्का मी मारून राहिली. एक दिवस एका म्हाताऱ्या जोडीतल्या बाबानं बाईचा स्वेटर सारखा केला, तर माझा शिक्का उलटा पडला. खरंच सांगते, माझा जीव जळत होता.

मी धरमपेठेले गेली. प्रीतीताईले म्हटलं, दुसरा माणूस द्या. त्या माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, वहिनी, बाराही बगीच्यात असं केंद्र नाही, काकायसारखे कार्यकर्ते मिळत नाही हो. लोकाग्रहास्तव मोहीम जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत वाढवली आहे, हे त्यायनं मले आनंदानं सांगतलं. मी चहा न पिता उठली.

मंग मी नत्थूजीले शोधाले निघाली. माणूस पोहे खाले गेला अन् महिना झाला तरी परत येत नाही, म्हंजे काय? शोधाले काही लागलं नाही. बगीच्याच्या मागच्या चौकातल्या ठेल्यावर होते, हातात प्लेट, प्लेटीत तर्री. मी त्यायले म्हटलं, काहून गा नत्थूजी, लाज वाटते का काही?

नत्थूजीच्या डोळ्यात पाणी आलं. तर्रीच्या तिखटाचं असन म्हणून मी थांबली, पण ते खरंच रडून राहिले होते. म्हणाले, वहिनी, मी त्याच दिवशी परत आलो होतो. दुसरी प्लेट घेतली म्हणून पाऊण तास लागला, तुम्ही घरी गेल्या होत्या. साहेबानं मले खुर्चीत बसूच देलं नाही. म्हणाले, पाऊण तास पोस्ट सोडली, आधी लेखी खुलासा द्या. मी देला. साहेबानं त्याच्यावर लिहिलं, असमाधानकारक. मी दुसरा देला, बायकोची सही घेऊन. असमाधानकारक. तिसऱ्याले पोहेवाल्याची साक्ष जोडली. तरी तेच. मी चाळीस वर्षं टपाल वाटलं, वहिनी, माझ्यावर कधी असा शेरा आला नाही.

मी तिथंच बाकड्यावर बसली. एवढे दिवस मले वाटत होतं का हे नियमात अडकले आहे. रिलीव्हर आला नाही म्हणून अडकले आहे. रिलीव्हर तर तीनदा आला होता, अन् यायनं त्याले हाकलून देलं होतं. म्हंजे ह्या माणसाले माझ्यासंग चालाचंच नव्हतं. मले इतकं वाईट वाटलं का नत्थूजीनं त्यायची प्लेट माझ्यापुढं सरकवली.

मी तशीच टेकडीवर गेली, हात दाखवाची वाट न पाहता, उतराच्या बाजूनं चढून. चढावर चार जण होते, ते जागच्या जागी थांबले.

“नत्थूजी आले होते?”

“आले होते.”

“मंग चार्ज काहून नाही देला?”

यायनं रजिस्टर मिटलं. परत उघडलं. चढावरच्या चौघायले हातानं थांबा म्हटलं, ते तर आधीच थांबले होते. मंग खाली मान घालून म्हणाले, “सिंधू, मले भेव वाटते वं.”

“कायचं?”

“तुह्यासंग मी पाच मिनिटाच्या वर कधी बोललोच नाही. दूध, गॅस, चावी. तिथं एक तास चालाचं आहे. सहाव्या मिनिटाले मी काय बोलू?”

 मले राग आला होता, अन् रडूही आलं होतं, अन् दोन्ही एकदम आलं का बोलता येत नाही. तरी मी बोलली. म्हटलं, “मले रिलीव्हर व्हायचं नाही. आजपासून दुपारपाळीले येणार नाही. मी खाली चालन, एकटी. तुम्ही बसा.”

मी उतराले लागली. मागून हे म्हणून राहिले होते का चार्ज देला नाही, सही राहिली. मी वळून पाह्यलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाले मी बगीच्यात गेली अन् टेकडीच्या भोवतालच्या वाटेनं चालाले लागली. वर हे, खाली मी. डबा धोंडबाच्या हातानं वर पाठवो. भांडण यायच्याशी होतं, पोटाशी नव्हतं. हे सकाळी पाच ते रात्री नऊ डबल पाळी करून राहिले. रात्री घरी येत, जेवत, झोपत.  धोंडबानं मले सांगतलं का साहेब रजिस्टरमध्ये तुमचंच लिहून राहिले: ०६.२०, सिंधू, पहिला राउंड, चाल सामान्य. ०६.३१, सिंधू, दुसरा राउंड, उजवा पाय थोडा धरते. एक दिवस पानभर तेच होतं म्हणे, अन् खोकणाऱ्या गृहस्थाची नोंदच राहून गेली.

शेवटचा रविवार आला. प्रीतीताई माइक घेऊन आल्या, खाली सतरंजी टाकली, टोप्यायचं खोकं उघडलं. चढाच्या रांगेत पन्नास तरी लोक होते, ज्यायचे शिक्के राहिले होते ते सगळे. मी माझा आठवा राउंड करून राहिली होती, कोणाकडे पाहात नव्हती. माइकवरून आवाज आला का ह्या वर्षीचे उत्कृष्ट टेकडीप्रमुख म्हणून आपल्या सर्वांचे लाडके नागसेन काका, टाळ्या.

टाळ्या सुरू झाल्या अन् मधातच बंद पडल्या. मी मान वर केली. हे खुर्चीतून उठले होते. उठले अन् खाली उतराले लागले, तेही चढाच्या बाजूनं. चढावर आठ जण होते. त्यायले वाटलं आपल्याकूनच काही चुकलं, म्हणून ते पटापटा सुतळीले चिकटून उभे राहिले. हार्टचे डॉक्टर चार ब्लॉकायवर उभे होते, त्यायले ‘उतरा’ म्हणाले कोणी राहिलं नाही, ते तसेच उभे राहिले. हे खाली आले, वाटेवर आले, अन् माझ्या बाजूले येऊन चालाले लागले.

 मी थांबली नाही. मागून धोंडबा रजिस्टर घेऊन धावत आला. साहेब, चार्ज कोणाकडे आहे? प्रीतीताईनंही माइकवरून तेच विचारलं, काका, चार्ज कोणाकडे आहे? यायनं न थांबता म्हटलं, लिहिलं आहे. धोंडबानं तिथंच उभं राहून मोठ्यानं वाचलं: ०७.४०, रिलीव्हर नाही, टेकडी सामान्य. चार्ज देणारा, नागसेन. चार्ज घेणारा, टेकडी.

 मंग प्रीतीताईनं प्रमाणपत्र रिकाम्या खुर्चीत ठेवलं अन् लोकायनं टाळ्या वाजवल्या.

आम्ही चालून राहिलो होतो. यायची चाल भलतीच जोराची, मी म्हटलं हळू, तर हळू झाले. मंग हे सुरू झाले. धुकं सहा चाळीसले उठलं. टेकडी अजून दीड इंच गेली आहे. कुत्रा आज आला नाही. शाई संपली आहे, दोन दिवसापासून शिक्का कोरडाच मारून राहिलो. हे सगळं झालं अन् पाच मिनिटं भरली. यायनं घड्याळात पाह्यलं. मीही यायच्या घड्याळात पाह्यलं.

एक बाक गेला. दुसरा बाक गेला. बदामाचं झाड गेलं. माझ्या मनात आलं, आता हे वळतात अन् वर जातात. यायच्या कपाळावर, जानेवारीच्या थंडीत, घाम आला होता. मी काहीतरी बोलून यायले सोडवू शकत होती. तीस वर्षं वर्गात अडकलेल्या पोरायले मीच उत्तर सांगत आली. पण मी तोंड दाबून धरलं.

मंग यायनं घसा साफ केला.

“रोशनी झाली त्या दिवशी मी डबलले होतो,” हे म्हणाले. “त्या दिवसाचं तू मले काही सांगतलंच नाही.”

“तुम्ही विचारलंच नाही.”

“आता विचारून राहिलो.”

मी सांगाले लागली. पहाटे पोटात दुखाले लागलं तिथून, शेजारच्या देवकीबाईनं आपल्या मिस्टरले उठवून जीप काढाले लावली तिथून, पुलाजवळ जीप बंद पडली अन् मी नऊ महिन्याचं पोट घेऊन खाली उतरली तिथून. हे मधात मधात विचारत, मंग? जीप कायनं बंद पडली? धक्का कोणं देला? थंडी होती का? अंगावर काय होतं तुह्या? मी आठवून आठवून सांगे. सूर्य चांगला वर आला, सतरंजी उचलली, माइक गेला, ब्लॉकायवरच्या डॉक्टरले धोंडबानं हात धरून उतरवलं. आमचे चार राउंड झाले होते, अन् मी अजून दवाखान्याच्या दारापर्यंतच पोचली होती.